विश्लेषण : ऐंशीचे दशक, नव्वदचे दशक… मग २००० ते २००९ ला म्हणायचे काय?

एकविसाव्या शतकाची पंचवीस वर्षे सरली आणि ‘शतकातील सर्वोत्तम’ याद्यांचा पाऊस पडला. पुस्तके झाली, चित्रपट झाले, क्रिकेटपटूही झाले. इन्स्टाग्रामवर बटणांचे नोकिया फोन आणि ऑर्कुटच्या आठवणी परतल्या. पण या आठवणी ज्या काळातल्या, त्या २००० ते २००९ या दहा वर्षांना मराठीत एका दमात घेता येईल असे नाव नाही. माझ्यासारख्यांचे बालपण याच वर्षांत गेले, त्यामुळे हा प्रश्न थोडा घरचाही आहे. मात्र तो फक्त हौसेचा नाही. ज्या काळाला नाव नसते, त्याचा हिशेबही नीट मांडला जात नाही.

नाव नेमके अडते कुठे?

आपण दशकाला नाव देतो ते वर्षाच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून. ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी या सगळ्यांत ‘ऐंशी’ ऐकू येते, म्हणून ते ऐंशीचे दशक. एक, दोन, तीन, चार यांच्यात असे समान काहीच नाही. दहा, अकरा, बारा यांचीही तीच गत, म्हणून २०१० नंतरच्या दशकालाही धड नाव मिळाले नाही. माणसाच्या वयाचेही असेच आहे. विशी, तिशी, चाळिशी, साठी असे शब्द आहेत, पण पहिल्या दहा वर्षांसाठी ‘बालपण’ म्हणून मोकळे व्हावे लागते.

दशकाचे सोडा, या काळातली वर्षेसुद्धा छोटी करून बोलता येत नाहीत. पानशेतचा एकसष्टचा पूर, बहात्तरचा दुष्काळ, गिरण्यांचा ब्याऐंशीचा संप, किल्लारीचा त्र्याण्णवचा भूकंप. शतक सांगावे लागत नाही, दोन आकड्यांत काम होते. आता ‘पाचचा पूर’ म्हणून पाहा. समोरचा विचारेल, पाच काय? २००५ मध्ये मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईकर त्याला ‘सव्वीस जुलै’ म्हणतात. २००८ चा दहशतवादी हल्ला ‘सव्वीस अकरा’ झाला. लोकलमधील बॉम्बस्फोट ‘अकरा जुलै’चे म्हणून ओळखले जातात.

तारखेने घटना ओळखण्याची पद्धत जुनी आहे, ‘सहा डिसेंबर’ हे त्याचे उदाहरण. ‘सव्वीस अकरा’वर अमेरिकेतल्या ‘नऊ अकरा’ची छापही आहे. तरीही या दशकात तारखांची इतकी गर्दी का, याचे निदान एक कारण जिभेच्या सोयीचे असावे असे मला वाटते. यात तोटा असा की नावातून वर्ष गळते. लोकल बॉम्बस्फोट २००५ चे की २००६ चे, हे आसपास विचारून पाहा (उत्तर : २००६).

संगणकही इथेच अडखळला होता ना?

होय, आणि कारण जवळपास तेच. जुन्या संगणकांत मेमरी महाग होती. ती वाचवण्यासाठी १९७२ हे वर्ष नुसते ‘७२’ म्हणून साठवले जाई. ९९ नंतर ‘००’ आले की यंत्र ते १९०० समजण्याचा धोका होता. हाच तो ‘वायटूके’ घोळ. तो निस्तरण्याचे मोठे काम भारतीय आयटी कंपन्यांकडे आले आणि परदेशी ग्राहकांशी त्यांचे नाते घट्ट झाले.

दुरुस्तीचे दोन मुख्य मार्ग होते. एक, वर्ष चार आकडी करायचे. दुसरा, स्वस्तातला : एक सीमा ठरवायची. उदाहरणार्थ, ५० ते ९९ आले की १९०० चे शतक धरायचे, ०० ते ४९ आले की २००० चे. आपल्या डोक्यातही अशीच सीमा असते, म्हणून ‘शहाण्णव साली’ म्हटल्यावर कोणी १८९६ धरत नाही. पण ‘पाच साली’ हे कानाला वर्षच वाटत नाही. त्यामुळे भाषेने महागडा मार्ग घेतला आणि आपण ‘दोन हजार पाच’ असे पूर्ण म्हणू लागलो. गंमत म्हणजे त्या घोळाचे नाव आता फॅशनला चिकटले आहे. कॉलेजातली मुले त्या काळच्या चकाकत्या कपड्यांना ‘वायटूके’ म्हणतात, आणि त्यातल्या अनेकांचा जन्म तो घोळ निस्तरल्यानंतरचा आहे.

इतरांनी काय केले?

ब्रिटनमध्ये ‘नॉटीज’ रुळले. ‘नॉट’ म्हणजे शून्य, आणि उच्चारात ‘नॉटी’ म्हणजे खट्याळ हा श्लेष फुकट. अमेरिकेत ‘ऑट्स’ चालते. ‘ऑट’ हा शब्दच मुळी ‘अ नॉट’ची फोड चुकून ‘अ‍ॅन ऑट’ झाल्याने जन्मला. जर्मनांनी सरळ ‘नुलरयारं’, म्हणजे शून्याची वर्षे, असे म्हटले.

आपल्याला जवळचे उदाहरण बंगालीचे. तिथे कवितेची चर्चा दशकांच्या हिशेबाने होते आणि २००० नंतर लिहू लागलेल्यांना ‘शून्य दशका’चे कवी म्हणतात.

मराठी साहित्यव्यवहाराने वेगळी युक्ती काढली होती : ‘उत्तरी’. साठोत्तरी, नव्वदोत्तरी. पुढची पायरी ‘दोन हजारोत्तरी’. ती म्हणताना जीभ अडखळते आणि तिचा फारसा जमही बसलेला नाही. चित्रपटवाले शहाणे निघाले, त्यांनी आकड्यांचा नाद सोडला. २००४ मध्ये आलेल्या ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ‘श्वासनंतरचा मराठी सिनेमा’ हीच एक कालगणना झाली.

‘पहिले दशक’ म्हटले तर?

म्हणता येते, पण ‘एकविसाव्या शतकाचे पहिले दशक’ काटेकोरपणे २००१ ते २०१० असते. सहाव्या शतकात डायोनिसियस एक्झिगस या भिक्षूने ख्रिस्ती सनाची मोजणी सुरू केली तेव्हा शून्य वर्ष ठेवलेच नाही. इसवी सन पूर्व १ नंतर थेट इसवी सन १. म्हणून शतक एकापासून सुरू होते. नव्या सहस्रकाचा जल्लोष मात्र जगाने वर्षभर आधी, १ जानेवारी २००० लाच उरकला. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला यात वावगे वाटणार नाही. तो यादीतली पहिली वस्तू बहुधा शून्यापासूनच मोजतो.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. ‘नववे दशक’ म्हणजे १९८१ ते १९९० आणि ‘नव्वदचे दशक’ म्हणजे १९९० ते १९९९. ही गल्लत छापील मजकुरातही होते. जनगणनेचे दशक आणखी वेगळे. ते एका जनगणनेपासून पुढच्या जनगणनेपर्यंत. २००१ ते २०११ या काळात महाराष्ट्राची लोकसंख्या १५.९९ टक्क्यांनी वाढली, तो याच मापाचा आकडा. पुढचे दशक तर अजून बंदच झालेले नाही, कारण २०२१ ची जनगणना रखडली आणि लोकसंख्या मोजणीसाठी आता २०२७ हे वर्ष ठरले आहे.

नाव नसल्याने बिघडते काय?

बरेच काही. बिनानावाच्या काळातल्या घटना दोन ठिकाणी जाऊन पडतात. काही ‘नव्वदोत्तरी’च्या पोत्यात जातात, म्हणजे जे काही झाले ते १९९१ च्या उदारीकरणाचेच शेपूट. उरलेल्या ‘हल्ली’मध्ये. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्या आजही ‘अलीकडचा प्रश्न’ म्हणून बोलल्या जातात. पण पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले ते २००६ मध्ये. तेव्हा पहिलीत असलेले मूल आज कमावते आहे.

दुसरे उदाहरण रोजगार हमीचे. बहात्तरच्या दुष्काळात महाराष्ट्रात या योजनेने आकार घेतला, हे गावातली जुनी माणसे वर्षासकट सांगतात. तीच कल्पना २००५ मध्ये देशाचा कायदा झाली. त्याच वर्षी माहितीचा अधिकार आला. सेझचा कायदाही २००५ चाच, आणि २००८ मध्ये रायगडच्या पेण तालुक्यातल्या गावांनी सेझसाठीच्या भूसंपादनावर मतदान केले. तीन कायदे, एक वर्ष. तरी ‘पाचचे कायदे’ असे कोणी म्हणत नाही, त्यामुळे ते एका काळाचे म्हणून एकत्र आठवतही नाहीत. ‘बहात्तर’ म्हणताच डोळ्यांसमोर एक अख्खा काळ उभा राहतो, तसे २००५ चे होत नाही.

शंभर वर्षांपूर्वीही हे झाले होते. १९०० ते १९०९ ला मराठीत आकड्याचे नाव नाही. ब्रिटिशांनी त्याला आपल्या राजावरून एडवर्डचा काळ म्हटले. आपल्याकडे वंगभंग, स्वदेशी आणि टिळकांची मंडालेची शिक्षा या खुणा उरल्या. (पंचांगात तर दशकच नाही. तिथे प्रत्येक वर्षाला स्वतंत्र नाव असते. २००० च्या गुढीपाडव्याला शके १९२२ चे विक्रम संवत्सर लागले होते. पण ही नावे साठ वर्षांनी पुन्हा येतात.)

मला बंगालीचे ‘शून्य दशक’ उसने घ्यायला आवडेल. आक्षेप ठाऊक आहे : मराठीत शून्य म्हणजे भोपळा, आणि आपल्या उमेदीच्या वर्षांना कोण भोपळा म्हणवून घेईल? शिवाय नावे ठरवून रुळत नाहीत.

आमच्या डेस्कवर तूर्त ‘२००० ते २००९’ असेच लिहिले जाते. व्हिडीओसाठी तेच मोठ्याने वाचायचे झाले की पंचाईत होते. मी ‘आपल्या लहानपणी’ म्हणून वेळ मारून नेतो, आणि पलीकडच्या खुर्चीवरचे ज्येष्ठ सहकारी दर वेळी सुनावतात, ‘तुझ्या. आम्ही तेव्हा घराचे हप्ते फेडत होतो.’