मिथ्या जगातली खरी उधारी

‘जग मिथ्या आहे’ हे वाक्य मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलं. पण नेहमी उधारी बुडवणाऱ्याच्या. वसूल करणाऱ्याच्या तोंडून एकदाही नाही.

आमच्या नाशकात हे दुखणं जुनं. रामकुंडावर घटकाभर बसा, कोणीतरी तुम्हाला ब्रह्म सत्य असल्याचं फुकटात सांगून जाईल. पण गोदेला पूर येऊ द्या, की त्याची नजर दुतोंड्या मारुतीवर! पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की गाठोडं बांधायचं, छातीला लागलं की दुकान हलवायचं. २०१६ च्या ऑगस्टात महापूर आला, तेव्हा ‘हे पाणी केवळ भास आहे’ म्हणत गादीवर बसून राहिलेला वेदान्ती निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणि हे पाहा, शंकराचार्यांना मध्ये आणू नका. त्यांनी व्यवहार आणि परमार्थ अशा दोन वह्या स्वच्छ वेगळ्या ठेवल्या होत्या. ज्ञान होईपर्यंत व्यवहार खराच, असा त्यांचा हिशेब. एका वहीतलं देणं दुसरीत नेऊन पुसायची युक्ती आपली.

बरं, संशयच घ्यायचा तर पंचवटीसारखी जागा नाही. सोन्याचं हरिण दिसताच लक्ष्मण म्हणाला, हा मारीच आहे, ही माया आहे. त्यावर वाल्मीकींचा राम काय म्हणतो? मारीच असेल तर त्याला मारायलाच हवं! म्हणजे हरिण खरं असो वा खोटं, धनुष्य उचलायचंच. पुढचा निकाल वाईट लागला, कबूल. पण म्हणून ‘सीताही भासच’ असं म्हणत राम पर्णकुटीत बसला नाही. लंकेपर्यंत पायपीट केली.

आता त्याच पंचवटीतलं काळाराम मंदिर. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेली माणसं त्याच्या दाराशी उभी राहिली. आम्हाला रामाचं दर्शन घेऊ द्या, एवढंच मागणं. वर्षं गेली, दार उघडेना. उठता-बसता देह नश्वर, देह मिथ्या म्हणणारा आपला समाज. पण त्या मिथ्या देहाचा स्पर्श मात्र शंभर नंबरी खरा! एवढ्या मोठ्या मायेत विटाळ तेवढा मायेबाहेर कसा राहिला, हे कोणाही शास्त्र्याने मला अजून समजावलेलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला जवळच येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं, मी हिंदू म्हणून मरणार नाही. तोवरही ते दार बंदच होतं.