लाटणं आणि पेटंट

बायका धंदा नेटानं सांभाळतात, पण त्यात नवं काही काढत नाहीत, हा समज कर्जाच्या मुलाखतीत ऐकू येतो तसा घरच्या ओसरीवरही. पुरावेही तयार असतात. आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जांतल्या संशोधकांत पाचांत एकही स्त्री भरत नाही. बायकांचे धंदे पापड-लोणची, शिवण, पार्लर यांभोवतीच फिरतात. नवी यंत्रं आणि प्रयोगशाळा त्यांच्याकडे क्वचितच दिसतात. यातली आकडेवारी मला मान्य आहे. तिच्यावरून बायकांच्या बुद्धीविषयी काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली; तोच पुढे लिज्जत पापड झाला. त्या पापडात नवं काय होतं? पापडात काहीच नव्हतं, नवी होती ती कामाची घडण. पीठ केंद्रावर एकाच मापानं मळायचं. बहिणींनी, म्हणजे सभासद बायकांनी, ते घरी न्यायचं, पोरंबाळं सांभाळत लाटायचं, वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचं. तिथं माल तपासला जाणार, मजुरी हातात पडणार. शिवाय लाटणारी प्रत्येक जण मालक, नफ्यातोट्याची वाटेकरी. हजारो स्वयंपाकघरांतून एकाच चवीचा, एकाच जाडीचा पापड काढणं हे कुठल्याही कारखानदाराला घाम फोडणारं कोडं आहे. लिज्जतनं ते सोडवलं, आणि आज तिथं सुमारे ४५ हजार बहिणी काम करतात.

या पद्धतीला पेटंट मिळालं असतं का? नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं तिसरं कलम धंद्याच्या पद्धतीला पेटंट देत नाही, पारंपरिक ज्ञानालाही नाही. त्या कायद्याची कारणं योग्यच असतील; पण मग पेटंट मोजून कल्पकता ठरवू नये. नवोपक्रम मोजण्यासाठी देशोदेशी वापरल्या जाणाऱ्या ऑस्लो मॅन्युअलनं कामाच्या रचनेतला बदल नवोपक्रमात धरला तो २००५ च्या आवृत्तीत. लिज्जत तेव्हा ४६ वर्षांची होती.

यंत्रांचा मुद्दा उरतो, आणि तो खरा आहे. नवा प्रयोग फसू शकतो. म्हणून त्याला बुडाली तरी चालेल अशी रक्कम लागते. ती रक्कम तारणावर मिळते, आणि तारण म्हणजे जमीन नाहीतर घर. सातबारावर नाव कुणाचं असतं? महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला १९९४ मध्ये, देशानं २००५ मध्ये. तरी वारसनोंदीच्या वेळी बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत गावोगाव चालूच आहे. किरण मजुमदार यांनी १९७८ मध्ये बंगळूरच्या गॅरेजात बायोकॉन ही जैवतंत्रज्ञान कंपनी सुरू केली तेव्हा हाती १० हजार रुपये होते, आणि बँका कर्ज द्यायला कचरत होत्या. प्रयोगशाळेच्याच धंद्यात उतरलेल्या बाईची ही गत होती.

आता उलट बाजूचं कौतुक. बाईजात उपजतच काटकसरी, ती थोडक्यात नवं काढते, असं म्हणणारे स्वतःला तिचे कैवारी समजतात. मला हे कौतुक जास्त घातक वाटतं. टंचाईलाच गुण ठरवलं की भांडवल देण्याची जबाबदारी कुणावरच उरत नाही. कल्पकता ना बाईची उपजत, ना पुरुषाची. ती अडचणीतून सुचते आणि भांडवलावर वाढते.

माणदेशातल्या म्हसवडच्या बायकांना शाबासकी नको होती, बँक हवी होती. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांबरोबर त्यांनी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं फेटाळला, कारण सह्यांच्या जागी अंगठे होते. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बँकेत यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ही बँकच दारात जाऊ लागली. बाकीच्या बँकांनीही आता बदलावं. कर्जाच्या अर्जात तारणाच्या रकान्याआधी एक रकाना हवा: धंद्याची रीत तुम्ही काय बदललीत? आणि त्या उत्तरावर कर्ज मिळायला हवं.