बाळ सोडू नका, सोपवा

जून 2025 ची पनवेलची बातमी आठवत असेल. तक्का भागात टोपलीत ठेवलेली नवजात मुलगी सापडली. सोबत इंग्रजीत चिठ्ठी. बाळाला वाढवायची आमची परिस्थिती नाही, माफ करा, असा तिचा आशय. मी त्या इंग्रजीपाशी अडलो. चिठ्ठी लिहिण्याइतकं शिकलेल्या माणसांनाही बाळ उजळमाथ्याने सरकारच्या हाती देता येतं हे माहीत नसेल, तर घरकाम करणाऱ्या पोरीला ते कोण सांगणार?

बाल न्याय कायदा 2015, कलम 35. आपल्या हाताबाहेरच्या कारणांमुळे मूल सांभाळणं शक्य नसेल, तर आईवडील ते बाल कल्याण समितीपुढे आणू शकतात. समिती समजावते, मूल ठेवता येईल का ते बघते, मग समर्पणाचा कागद होतो. त्यानंतर दोन महिने विचार बदलायची मुभा. आई अविवाहित असेल तर तिची एकटीची सही पुरते, आणि ती शक्यतो समितीच्या एका महिला सदस्यासमोर व्हावी असं नियमच सांगतो. हा गुन्हा नाही.

आता गंमत बघा. (गंमत कसली म्हणा.) लोक बाळ लपूनछपून ठेवतात ते बोभाटा होऊ नये म्हणून. पण टाकून दिलेलं बाळ सापडलं की गुन्हा नोंदतात, सीसीटीव्ही तपासतात, आईवडिलांचा शोध लागावा म्हणून बाळाचा फोटो पेपरात देतात. रीतसर सोपवलेल्या बाळाची मात्र जाहिरात करायचीच नाही, असा नियम आहे. मुलाची ओळख कुणी छापली तर कलम 74 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ज्याची भीती, ते टोपलीच्या वाटेवर आहे.

आमच्या धंद्याबद्दलही बोलतो. ‘निर्दयी माता’ हे शीर्षक आमच्याकडे तयारच असतं. ‘निर्दयी पिता’ मी वीस वर्षांत वाचलेलं नाही. कायदा आमच्यापेक्षा समजूतदार आहे. बाळ टाकून देण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 93 मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे खरं. पण बाल न्याय कायद्याचं कलम 75 असंही म्हणतं, की जन्मदात्यांनी नाइलाजाने मूल सोडलं असेल तर ते जाणूनबुजून केलं असं धरू नये.

हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते याचसाठी. फसवल्या गेलेल्या विधवेने यावं, गुप्तपणे बाळंत व्हावं, मूल ठेवायचं की न्यायचं ते तिने ठरवावं. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला, आणि 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंच्या बरोबरीने रुग्णसेवेत होता. दीडशे वर्षांपूर्वी पुण्याला जे सुचलं, ते आज खारघरच्या एका भिंतीवर लिहिलेलं नाही.

दुसऱ्या बाजूला वाट बघणारी घरं बघा. दत्तकासाठी देशभरात तीस हजारांहून जास्त इच्छुक नोंदलेले आहेत, आणि बाळ मिळायला तीन-साडेतीन वर्षं जातात. 2024-25 मध्ये देशात 4,515 दत्तकविधानं झाली. महाराष्ट्र त्यात आघाडीवर असतो. पुण्यात ससूनजवळच्या ‘श्रीवत्स’मधून 1979 साली एक तान्ही मुलगी स्थळेकर दांपत्याने घरी नेली. ती लिसा स्थळेकर, पुढे ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली. प्रत्येक मूल कर्णधार व्हायला हवं असं नाही. शाळेत डबा विसरणारं झालं तरी त्या घराला पुरे.

मात्र ‘ओळखीच्या डॉक्टरकडे बाळ आहे’ या वाटेला जाऊ नका. मूल विकणं-घेणं याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि त्यात रुग्णालयाचे लोक असतील तर तीन ते सात वर्षं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘बाळ दत्तक देणे आहे’ या मेसेजचं मूळ शोधून बघा एकदा, कुठेच पोचत नाही.

आपली अडचण आणखी वेगळी. खारघरचा पत्ता नवी मुंबईचा, पोलीस नवी मुंबईचे, महापालिका पनवेलची, जिल्हा रायगड. पलीकडे बेलापूर ठाणे जिल्ह्यात. आपली समिती रायगडची, आणि जिल्ह्याचं मुख्यालय अलिबागला. बाळंत होऊन चार दिवस झालेली बाई हे कोडं सोडवणार? तिच्यासाठी एकच नंबर पुरेसा आहे, 1098. चोवीस तास, फुकट. पुढची व्यवस्था त्यांनी करायची असते.

म्हणून मागणी साधी आहे. पनवेल महापालिकेने आपल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात, पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात, मेट्रो आणि रेल्वे स्टेशनवरच्या महिलांच्या स्वच्छतागृहांत मराठी आणि हिंदीत एक पाटी लावावी. खारघरमधल्या खासगी प्रसूतिगृहांनी तर उद्याच लावावी, त्याला ठराव लागत नाही. मजकूर मी देतो, हवा तर बदला:

‘बाळ सांभाळणं शक्य नाही? टाकू नका. 1098 वर फोन करा. बाळ रीतसर सोपवणं गुन्हा नाही. तुमचं नाव बाहेर जाणार नाही. दोन महिन्यांत विचार बदलला तर बाळ परत मागता येईल.’

तुमच्या ओळखीत कुणाचं प्रसूतिगृह असेल तर ही पोस्ट त्यांना पाठवा, आणि पाटी लागली की मला फोटो टाका.