बीजभांडवल बँकेचे, जोखीम कोणाची?

भोर आणि वेल्हे हे भाताचे तालुके. रोप आधी वाफ्यात वाढते, पाऊस स्थिरावला की त्याची लावणी होते. वाफ्यातला मुक्काम अपरिहार्य खरा. परंतु तो लांबला की रोप वाया जाते. बँकपुरस्कृत गुंतवणूक निधींच्या आरंभकाळालाही हाच न्याय लागू आहे.

नव्या निधीला पूर्वेतिहास नसतो, म्हणून गुंतवणूकदारही नसतात. अशा वेळी पुरस्कर्ती बँक स्वतःचे बीजभांडवल घालते. निधी नावाने स्वतंत्र. व्यवहारात मात्र बँकेचाच. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्यातील व्होल्कर नियमाने निर्बंधित निधींतील बँकेचा वाटा वर्षभरात ३ टक्क्यांवर आणण्याचे बंधन घातले; मुदतवाढ मिळालीच तर आणखी दोन वर्षांची.

भारतात १९८७ मध्ये स्टेट बँक व कॅनरा बँक यांचे म्युच्युअल फंड निघाले, तेव्हा सेबी स्थापनही झाली नव्हती. तिचे सर्वंकष नियम १९९३ मध्ये आले. दरम्यान हमीच्या परताव्यावर विकलेल्या काही योजनांत पुढे तूट पडली आणि ती पुरस्कर्त्या बँकांना भरून द्यावी लागली. २००३ मध्ये सेबीने प्रत्येक योजनेत किमान २० गुंतवणूकदार असावेत व कोणा एकाचा वाटा २५ टक्क्यांहून अधिक नसावा, असे ठरविले. खुल्या योजनांना सवलत दिली ती फार तर तीन महिन्यांची.

एवढ्या अवधीत नवा निधी मूळ धरणार कसा, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. मुदत थोडी वाढविता येईल. परंतु ती निश्चित असावी आणि तोवर निधीत बँकेचा पैसा किती, हे ग्राहकाला मराठीत सांगितले जावे.

कारण प्रश्न विश्वासाचा आहे. भाटघर, पानशेत, नीरा-देवघर या धरणांखाली ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या घरांत भरपाईची रक्कम म्हणजे उरलेली शेतीच. अशी रक्कम बँकेत ठेवली तर २०२० पासून ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. त्याच खिडकीवर, त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या निधीला ते नाही. पाटी एक आणि जबाबदाऱ्या दोन, हा भेद शेतकऱ्याने ओळखावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तो सांगण्याचे कर्तव्य बँकेचे, आणि सांगितला जातो की नाही हे पाहण्याचे नियामकाचे.