हक्कसोडपत्रापूर्वीचा सल्ला

घरातील कर्ता पुरुष निवर्तला की तेराव्याच्या मागेपुढे कागदांची धावपळ सुरू होते. सातबाऱ्यावर वारसनोंद करावयाची असते, बँकेतील ठेवी मोकळ्या करावयाच्या असतात. त्याच धांदलीत सासरहून आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. ‘ताई, नुसती सही कर’ एवढ्या एका वाक्यावर आयुष्यभराचा हक्क निकालात निघतो.

वस्तुतः वारसनोंद आणि हक्कसोड या सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार वारसाची खबर तीन महिन्यांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यावयाची असते. हक्क सोडण्याला मात्र कोणतीही मुदत नाही. मग घाई कशासाठी?

मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा पत्नी व आई हे १९५६च्या उत्तराधिकार कायद्याने समान वारस आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली. परंतु तत्पूर्वी विवाह झालेल्या मुली तीतून वगळल्या गेल्या. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने ही उणीव दूर केली. त्या वर्षी वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. ठेवीवर नामनिर्देशन असलेली व्यक्ती केवळ रक्कम स्वीकारते, त्यामुळे ती मालक ठरत नाही. हे सारे सही करणाऱ्या किती भगिनींना ठाऊक असते?

‘वकील घरात आला की घर फुटते’ असा आक्षेप हमखास घेतला जातो. घरे फुटतात ती संदिग्धतेमुळे आणि मनात साचलेल्या संशयामुळे. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र एकतर्फी मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते आणि मग राखीपौर्णिमेलाही दार उघडत नाही. वेळीच घेतलेल्या तासाभराच्या सल्ल्याने हे टळू शकते. मात्र तो सल्ला भावाच्या वकिलाचा नसावा; बहिणीचे हित पाहणारा स्वतंत्र वकील असावा.

खर्चाची सबबही टिकणारी नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. तालुका विधी सेवा समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो.

बहिणीने माहेरासाठी वाटा सोडू नये, असे कोणीही म्हणणार नाही. तिने तो आनंदाने सोडला तर ते तिचे औदार्यच. परंतु जे आपले आहे हे ठाऊकच नाही, त्याचे दान कसे व्हावे? म्हणूनच सहीसाठी लेखणी पुढे करण्यापूर्वी भावानेच बहिणीला स्वतंत्र सल्ला मिळवून द्यावा. नात्याची खरी राखण त्यातच आहे.