शिकवायला जाताना शिकायलाही जा

परदेशात शिक्षकाची नोकरी मिळाली की नागपूरच्या घरात आधी घरभाडं, व्हिसा आणि मुलांच्या अॅडमिशनचा हिशेब सुरू होतो. तो करायलाच हवा. पण त्या मुलखात आपण रुजणार कसे, याचाही विचार हवा. त्याचा दाखला आपल्याच शहरात आहे. स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप पत्नी इरास्मासह १८४५ मध्ये भोसल्यांच्या नागपुरात आले. ते मिशनरी होते आणि धर्मप्रसार हाच त्यांचा हेतू होता. पण त्यांनी मराठी शिकून घेतली, १८४६ मध्ये शाळा काढली, गोंडांच्या कथा टिपल्या, इथल्या खडकांतले जीवाश्म गोळा केले. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून, बोरीची शाळा तपासून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडाले. घोडा एकटाच तळावर आला. १८८३ मध्ये त्यांच्या नावाचं कॉलेज सुरू झालं. परदेशी निघालेल्या शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पगार ठरवून घ्या, पण तिथली भाषा, माती आणि माणसंही अभ्यासाला घ्या. आईबाबाही नव्याने शिकताहेत हे दिसलं, की मुलांना नवा वर्ग फार दिवस परका वाटत नाही.