घमेले बाईचे, थापी बाप्याची

सोनगीरचे नाव खानदेशात तांब्या-पितळेच्या भांड्यांनी झाले. तांबटाचा मुलगा जाणता झाला की बापाच्या शेजारी बसे आणि हलका हातोडा धरता धरता कारागीर होई. मुलगी त्याच अंगणात वाढे, तेच ठोके ऐके, पण हातोडा तिच्या हाती देण्याचे कोणास सुचले नाही. ही जुनी गोष्ट आज काढण्याचे कारण असे की, गावात नवी घरे, नवी दुकाने उठत आहेत आणि तेथे विटा-सिमेंटच्या कामावर तोच प्रकार आमच्या डोळ्यांदेखत चालला आहे.

अशाच एका कामावर आम्ही एका बाईस विचारले, "माय, किती वर्षे झाली या कामास?" ती म्हणाली, "लगीन झाल्यापासून." नवरा-बायको एकाच आठवड्यात कामास लागली. दोघेही बिगारी. चार वर्षांत नवऱ्याच्या हाती थापी आली, पुढे ओळंबा आला आणि आज लोक त्यास मिस्त्री म्हणतात. बाईच्या डोक्यावर तेव्हा घमेले होते, आजही तेच आहे. चुंबळ तेवढी नवी. आणि तिला कामातले कळत नाही म्हणावे, तर तेही खोटे. माल तीच कालवते. विटांच्या कामास एकास सहा, गिलाव्यास एकास चार, पाणी किती, रेती चाळली की नाही, हे ती नजरेने सांगते. भिंत ओळंब्यातून सुटली तर खाली उभ्या उभ्या तिला दिसते. पण बोलायचे कोणी?

कोणी म्हणेल, बाईच्या अंगात तेवढे बळ नाही. वाहवा! भरले घमेले डोक्यावर घेऊन दिवसभर शिडी चढण्यास बळ आहे, आणि थापीने माल पसरण्यास नाही! थापीचे वजन ते किती? दुसरा म्हणतो, परांचीवर बाईमाणूस बरे दिसत नाही. माल घेऊन ती परांचीपर्यंत जातेच. तेव्हा कोणास वाईट दिसत नाही. खरी गोम मजुरीत आहे. मिस्त्रीचा रोज बिगाऱ्याच्या रोजाहून कितीतरी जास्त, आणि बाई बिगाऱ्याचा रोज पुरुष बिगाऱ्याहूनही कमी. थापी हाती आली की पैसा हाती येतो, म्हणून थापी जपून ठेवली जाते.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर रस्ते, बंधारे आणि पाझर तलाव यांची कामे निघाली. तेथे खडी फोडण्यास बायांचे बळ कमी पडल्याचे कोणी म्हटले नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. पुढे लातूर-उस्मानाबादेच्या गावांत घरे दुरुस्त करताना बायांनी बांधकामावर देखरेख केली, कित्येकींनी गवंडीकामही शिकून घेतले. झारखंडात शौचालये बांधण्याच्या मोहिमेत हजारो बाया गवंडी झाल्या. तेथे मिस्त्रीस राजमिस्त्री म्हणतात, म्हणून या झाल्या राणीमिस्त्री. नाव झकास आहे.

समान कामास समान मजुरी, हा कायदा १९७६ साली झाला; २०१९ च्या वेतन संहितेतही तेच आहे. पण काम समान ठरू दिले तर ना! आधी तिला बिगारीत कोंडायचे आणि मग बिगारीची मजुरी द्यायची, यात कायद्यासही बोट ठेवण्यास जागा सापडत नाही. १९९६ च्या बांधकाम मजुरांच्या कायद्याने पन्नासाहून अधिक बाया असतील तेथे पाळणाघर सांगितले होते. आमच्याकडच्या कामावर बाया चार नाही तर पाच. तेव्हा पोर आपले लिंबाच्या फांदीस बांधलेल्या झोळीत.

आता घरची गोष्ट, जी आमच्या वाचकांस बोचेल. ठेकेदार जोडी लावतो, मजुरी नवऱ्याच्या हाती देतो, आणि हजेरीत नाव नवऱ्याचेच लागते. बांधकाम मजुरांच्या कल्याण मंडळात नोंद करावयाची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. जिचे नाव हजेरीतच नाही, तिला तो कोण देणार? मग मुलांच्या शिक्षणाची मदत, बाळंतपणाची मदत सारे बुडाले. हे नुकसान ठेकेदाराचे नव्हे, त्याच घराचे आहे. नवऱ्याने एक दिवस अडून बसावे आणि म्हणावे, हिचे नाव वेगळे लिहा. तेवढे धैर्य आमच्यात का नसावे?

जोतीराव फुल्यांस आमचे वाचक ओळखतात. पण खडकवासला धरणाच्या कामास माल पुरविणारे ते ठेकेदार होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ज्यांनी बाईच्या हाती लेखणी दिली त्यांचे नाव घेणाऱ्यांस तिच्या हाती थापी देण्याची लाज वाटावी, हे आम्हांस तरी समजत नाही.

सोनगीरच्या मिस्त्रींस आमचे सांगणे थोडके आहे. नवा पोरगा हाताखाली घ्याल तेव्हा घमेले वाहणाऱ्या एका बाईसही घ्या. आरंभी आतल्या खोलीची भिंत द्या, गिलावा द्या. वाकडे गेले तर पोराचे पाडता तसे तिचेही पाडा आणि पुन्हा करवून घ्या. घरकुलांच्या योजनेत गवंड्यांस शिकविण्याची सोय सरकारने केली आहे. ग्रामपंचायतीने त्या यादीत बायांची नावे घालावी, आणि पुढचे घरकुल बांधावयास निघेल तेव्हा त्याच्या एका भिंतीचा ओळंबा बाईच्या हाती द्यावा.